वगळायच्या यादीतली तिसरी ओळ

२००७ च्या मार्चमध्ये एका मंगळवारी, सकाळी साडेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान, अंबरनाथ पूर्वेला यशवंत बनसोडे यांच्या घरातल्या फाइल सर्व्हरची हार्ड डिस्क बंद पडली. तिच्यावर अडतीस वृद्ध माणसांच्या आवाजाची रेकॉर्डिंग होती, प्रत्येकाचं वेगळ्या फोल्डरमध्ये. या सगळ्याची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर होती, आदल्या रविवारी घेतलेली. तिच्यावरून गुरुवार संध्याकाळपर्यंत सदतीस फोल्डर परत आले. अडतिसावा त्या प्रतीत नव्हता. तेरा महिन्यांत तो एकदाही त्या प्रतीत गेला नव्हता. त्या फोल्डरचं नाव ‘नकोशी’ होतं. ते बनसोडेंच्या थोरल्या बहिणीचं नाव.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होतो आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बनसोडे तळमजल्यावर. इमारतीत त्यांना सगळे बनसोडेकाका म्हणत.

बनसोडेकाका बसत नसत. अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. यंत्रांची ड्रॉइंग काउंटरवरून द्यायची, सही घ्यायची, परत आली की जागेवर लावायची, हे काम. ते उभ्यानं करायचं असतं. २००२ मध्ये निवृत्त झाल्यावर काउंटर गेलं, उभं राहणं राहिलं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. कीबोर्ड त्यांनी शोकेसच्या मधल्या फळीवर ठेवला होता, म्हणजे टायपिंगही उभ्यानं. कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी सुमनताई वाळलेले कपडे ठेवत. “यांना बसायला सांगितलं की रजेचा अर्ज द्यायला सांगितल्यासारखं तोंड करतात,” असं त्या म्हणत.

सकाळी सातच्या आधी ते माझ्या दारात यायचे. हातात आमचा पेपर.

“सुमारे सत्तावीस दुकानं जळाली, असं लिहिलंय.”

“हो.”

“सत्तावीस सुमारे कशी असतील? पंचवीस सुमारे असतात. सत्तावीस म्हटलं म्हणजे कुणीतरी मोजलीत.”

मोजली होती. मीच मोजली होती. मग ‘सुमारे’ का लिहिलं हा प्रश्न उरला. ते उत्तरासाठी थांबलेही नाहीत. एक मुद्दा झाला की ते जिना उतरायला लागत. त्यांच्याशी झालेली माझी बहुतेक बोलणी जिन्यावर संपली आहेत.

कारखान्यातून ते दोन शब्द घरी घेऊन आले होते. एक ‘रद्द’, दुसरा ‘नको’. ज्या ड्रॉइंगवर ‘रद्द’चा शिक्का बसे, ते फेकत नसत. खालच्या खणात जाई. वीस वर्षांनी एखादं जुनं यंत्र दुरुस्तीला आलं की तेच रद्द ड्रॉइंग शोधायला साहेब लोक धावत येत. फाटलेली, चहा सांडलेली, चुकून दोनदा निघालेली कॉपी मात्र ‘नको’च्या टोपलीत, आणि टोपली संध्याकाळी बॉयलरमध्ये. “रद्द म्हणजे काम संपलं,” ते सांगत. “नको म्हणजे काम कधी नव्हतंच. लोक या दोघांत घोळ करतात आणि मग बोंबलतात.”

सर्व्हर त्यांनी २००४ मध्ये स्वतः जोडला. जुन्या कॉम्प्युटरचा डबा, त्यात एक मोठी डिस्क. घरातल्या कॉम्प्युटरमधून तारेनं त्यात फाइली ठेवायच्या. या डब्याला ते कपाट म्हणत. नंतर एक तार पाइपाच्या कडेनं वर माझ्याकडेही आली आणि माझी कात्रणं त्यांच्या कपाटात राहायला लागली. डिस्क उल्हासनगर कॅम्प चारमधल्या लच्छूभाईंच्या दुकानातून आणली. मी सोबत होतो. लच्छूभाई सिंधी, वय पन्नाशीचं, दुकान आठ फुटांचं, गिऱ्हाईक दोनच्या वर गेलं की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं.

बनसोडेकाकांनी डिस्क हातात घेऊन तिच्यावरचं बारीक लेबल वाचलं. मग दुसरी मागितली. मग तिसरी.

“साईं, तीनों सेम कंपनी की हैं,” लच्छूभाई म्हणाले.

“सेम नाहीत. या दोन एका महिन्यातल्या आहेत, ही वेगळ्या महिन्यातली. मला वेगवेगळ्या महिन्यातल्या दोन द्या.”

“का बरं?”

“एका दिवशी बनलेल्या एका दिवशी मरतात.”

लच्छूभाईंनी माझ्याकडे बघितलं. “ये आपके काका डिस्क लेने आये हैं के लडके की कुंडली मिलाने?”

काकांनी वेगवेगळ्या महिन्यातल्या दोन घेतल्या, एक मोठी, एक लहान. मोठी कपाटात बसली. दुसरी एका लहान डबीत. दर रविवारी दुपारी ती डबी तारेनं जोडून ते प्रत घ्यायचे, प्रत झाली की डबी काढून गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली. बॅकअप हा शब्द त्यांना आवडत नसे. ते ‘दुसरी प्रत’ म्हणत.

दुसऱ्या प्रतीची डिस्क लहान होती. मोठी त्या वेळी परवडणारी नव्हती. म्हणून काय घ्यायचं नाही हे ठरवणं आलं. त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला होता, तो सुट्टीला आला की कपाटात चित्रपट ओतून जायचा. शिवाय सॉफ्टवेअरच्या सीडींच्या कॉप्या, लग्नाच्या व्हिडिओचे न कापलेले तुकडे, माझी एकच बातमी चार वेळा. असलं सगळं ज्यानं त्यानं ‘नको’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं, असा नियम त्यांनी केला. प्रत घेणाऱ्या आज्ञेला एक यादी जोडलेली होती. त्या यादीत ज्या फोल्डरचं नाव आहे तो कुठेही असला तरी वगळला जाई. यादीत तीन ओळी होत्या. पहिली तात्पुरत्या फाइलींची, दुसरी पुसलेल्या फाइलींच्या टोपलीची, तिसरी ‘नको’. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत आणि सगळी लहान लिपीत. मोठ्या अक्षरानं सुरू होणारं नाव त्यांना दिसलं की ते बदलत. यंत्राला मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं दिसतं आणि माणसाला दिसत नाही, त्यातून गडबड होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

२००५ च्या जुलैच्या पुरात बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत त्यांच्या बहिणीच्या घरात पाणी शिरलं. तिथे पोचायला त्यांना तिसरा दिवस उजाडला. माणसं पोटमाळ्यावर होती, सुखरूप होती. फोटो आणि कागदपत्रांची ट्रंक मात्र खाली होती. संध्याकाळी काका परत आले ते एक पिशवी घेऊन. पिशवीत कागदांचा गोळा होता. फोटो एकमेकांना चिकटलेले. ते त्यांनी बादलीत पाणी घेऊन एकेक सोडवायचा प्रयत्न केला. चेहरे पाण्यात उतरले, कागद पांढरे राहिले. त्या आठवड्यात ते माझ्या दारात पेपर न घेता आले. म्हणाले, “सगळ्याची एकच प्रत होती.” आणि जिना उतरले.

त्या दिवाळीपासून त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडे जायला सुरुवात केली. अंबरनाथ, कॅम्प चार, बदलापूर. सातारा, नगर, सोलापूरकडून कारखान्यांत कामाला आलेली, छप्पनमध्ये किंवा त्यानंतर धम्मदीक्षा घेतलेली माणसं. खिशात मावेल असं रेकॉर्डर. समोर ठेवायचं, बटण दाबायचं आणि आपण गप्प राहायचं. प्रश्न ते एकच विचारत: “गावातून निघाला तो दिवस सांगा.” पुढे माणूस जिकडे जाईल तिकडे.

फोल्डरला नाव रेशन कार्डावर असेल तेच. यात सूट नव्हती. कॅम्प चारमधले एक गृहस्थ बाबूराव, कार्डावर छापताना ‘बबुराव’ झालेले.

“अहो, मी बाबूराव आहे,” ते म्हणाले.

“कार्डावर बबुराव आहात.”

“कार्डवाल्याची चूक आहे ती.”

“असेल. पण शंभर वर्षांनी तुम्हाला कुणी शोधायला आलं तर कार्ड घेऊन येईल. तुमच्या आईला घेऊन नाही येणार.”

बाबूरावांनी चहा दिला नाही, पण दोन तास बोलले.

घरी आल्यावर फाइल कपाटात ठेवायची, सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून बघायचा आणि रेकॉर्डर त्याच दिवशी रिकामं करायचं, हाही नियम होता.

२००६ च्या जानेवारीत ते वैतागून वर आले. ‘नको’ भरला म्हणून प्रशांतनं ‘नको२’ केला होता. सुमनताईंच्या भाच्यानं ‘नको_जुनं’. माझा स्वतःचा ‘नकोबातम्या’ होता. यादीत ‘नको’ एवढंच असल्यामुळे हे सगळे प्रतीत जात होते आणि डिस्क भरत आली होती. प्रत्येक नव्या नकोसाठी यादीत एकेक ओळ वाढवायची का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “नकोच्या पुढे स्टार टाका. नकोनं सुरू होणारं सगळं वगळलं जाईल.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यांनी खाली जाऊन तिसऱ्या ओळीत स्टार टाकला. त्या रविवारी प्रत निम्म्या वेळात झाली. ते सांगायला मुद्दाम वर आले होते.

त्यानंतर चार आठवड्यांनी त्यांची बहीण अंबरनाथला आली.

तिला सगळे अक्का म्हणत. बनसोडेकाका अक्का म्हणत, तिची स्वतःची मुलं, सुना अक्का म्हणत, मीही म्हणायचो. चौऱ्याहत्तर वर्षांची, बुटकी, आवाज मोठा. तिच्या आधी तीन मुली झाल्या होत्या. चौथी झाली तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या त्या घरानं, पुढचा मुलगा व्हावा म्हणून, तिचं नाव नकोशी ठेवलं. मुलगा झाला तो बारा वर्षांनी. “माझं नाव लागू पडायला बारा वर्षं लागली,” ती भावाकडे बोट दाखवून सांगायची. “ह्यो त्याचा गुण.” आई लवकर गेली. अक्कानं काडेपेटीच्या कारखान्यात डब्या भरून या भावाला मॅट्रिक केलं. एवढं इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. एवढंच भावालाही माहीत होतं.

त्या दिवशी ती अकरा वाजता आली, चार वाजता परत गेली. रेकॉर्डिंग एक तास सेहेचाळीस मिनिटांचं झालं. त्यानंतर दोन सकाळी काका पेपर घेऊन आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पेपर घडीतच होता.

“अक्कानं सांगितलं,” ते म्हणाले.

“काय?”

“बासष्ट वर्षांत कधी बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.” मग कठड्यावर हात ठेवून म्हणाले, “ते तिचं आहे. आता कपाटात आहे. आम्ही दोघं गेल्यावर ऐका, छापायचं तर छापा.”

फोल्डरला त्यांनी कार्डावरचं नाव दिलं होतं, लहान लिपीत. आयुष्यात ज्या नावानं त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती ते.

दर रविवारी प्रत झाली की ते तपासणी करत. डबीतल्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडायची, ऐकायची. चालली की प्रत बरोबर. तेरा महिन्यांत त्यांनी पन्नासच्या वर फाइली अशा तपासल्या आणि प्रत्येक चालली. फाइल ते प्रतीतूनच निवडत होते. जी प्रतीत नाही ती निवडली जाणं शक्य नव्हतं. यंत्रानं एकदाही चूक दाखवली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीनं चूक नव्हती.

मार्चमधल्या त्या मंगळवारी कपाटातून टक टक आवाज यायला लागला आणि दहा मिनिटांत थांबला. काका शांत होते. दुसरी प्रत आहे, असं त्यांनी मला जिन्यातच सांगितलं. बुधवारी कॅम्प चारमधून नवी डिस्क आली. गुरुवारी संध्याकाळी ते वर आले ते दोन दोन पायऱ्या गाळत.

“सदतीस येतायत.”

“एखादा राहिला असेल. पुन्हा चालवा.”

“तीनदा चालवलं. सदतीस.”

मी खाली गेलो. शोकेससमोर आम्ही दोघं उभे होतो. कुठला नाही हे कळायला वेळ लागला नाही. का नाही हे कळायला अर्धा तास लागला. मी यादी उघडली. तिसरी ओळ वाचली. तेही वाचत होते.

“स्टार मी सांगितला होता,” मी म्हणालो.

“सांगितला तुम्ही. ओळ मी लिहिली.” त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “आणि नावही मीच.”

सुमनताईंनी खुर्चीवरचे कपडे उचलले. “बसा जरा,” त्या म्हणाल्या. ते बसले नाहीत. चपला घालून बाहेर पडले आणि इमारतीला फेऱ्या मारत राहिले. खिडकीतून ते दर दोन-अडीच मिनिटांनी दिसत.

पुढचे तीन महिने ती बंद पडलेली डिस्क त्यांच्यासोबत फिरली. टर्किशच्या टॉवेलात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत. लच्छूभाईंनी तशीच दुसरी डिस्क मिळवून तिच्या खालची सर्किटची पट्टी हिच्यावर बसवून बघितली. डिस्क फिरली, टक टक केली, थांबली. कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत, पोटमाळ्यावर मोबाइल आणि डिस्क दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं कानाला लावून ऐकली आणि परत दिली. अंबरनाथच्या एका ओळखीच्या माणसानं फ्रीजमध्ये ठेवून बघायला सांगितलं. काकांनी ठेवली. सुमनताईंनी दोन दिवस ती कोथिंबिरीशेजारी बघितली आणि मग कोथिंबीर खालच्या खणात हलवली. शेवटी मुंबईतल्या एका ठिकाणी ती उघडली गेली. आतल्या तबकडीवर गोल ओरखडे होते. आता काही निघणार नाही, असं लिहिलेल्या चिठ्ठीसकट डिस्क परत आली.

लच्छूभाई म्हणाले, “साईं, अब इसको छोड दो. आदमी गया तो आदमी को भी इतना नहीं घुमाते.”

“आदमी जिवंत आहे,” काका म्हणाले.

“तो फिर उनसे ही बुलवा लो ना दुबारा.”

ते त्यांनाही सुचलं होतं. आधी त्यांनी बाकीचे मार्ग संपवले. सुमनताईंना विचारलं, तुला त्या दिवशीचं काय ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, “मी डाळ लावली होती. कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.” मी सुचवलं की त्यांनी स्वतः ऐकलेलं लिहून काढावं. ते दीड पान लिहून थांबले. “मजकूर बरोबर आहे,” ते म्हणाले. “आवाज माझा येतोय.” ते दीड पान त्यांनी फाडलं नाही. ‘रद्द’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं.

जूनमधल्या एका रविवारी ते मांजर्लीला निघाले, मला म्हणाले चला. मी स्कूटरवर मागे बसलो. अक्का गॅलरीत मेथी निवडत होती.

“अक्का, ते गेलं.”

“काय गेलं रं?”

“तुझं बोलणं. मशीनमधलं.”

“मंग सगळ्यांचंच गेलं आसंल.”

“नाही. तुझं एकटीचं.”

तिनं जुडी खाली ठेवली. “माझंच कसं काय?”

त्यांनी सांगितलं. नको लिहिलेलं काही घेऊ नको असं मशीनला बजावलं होतं. नकोनं सुरू होणारं काहीच नाही. तिचं नाव नकोशी. सांगताना ते दारात उभे होते आणि चौकटीचा रंग नखानं काढत होते.

अक्का हसायला लागली. बराच वेळ हसली. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. सून आतून बघायला आली.

“मशीन शहाणं हाय,” ती म्हणाली. “बापाच्या पुढं गेलं. बापानं निदान घरात तरी ठिवलं.”

“अक्का, पुन्हा सांगशील?”

“न्हाई.”

“का?”

“तवा सांगायचं हुतं, सांगितलं. आता न्हाई सांगायचं.” तिनं मेथी परत हातात घेतली. “आन् तू खाली बस की. उभ्या उभ्या माणसाला काय सांगत्यात व्हय कुणी?”

ते बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हाच पाहिलं, पाचेक मिनिटं. मग ते उठले.

परत आल्यावर त्यांनी वगळायची यादीच काढून टाकली. सगळं घ्यायचं, असं ठरलं. सहा आठवड्यांत डबीतली डिस्क प्रशांतच्या चित्रपटांनी भरली. मोठी घ्यायला गेले तेव्हा लच्छूभाईंनी कारण विचारलं. ऐकून म्हणाले, “पिक्चर की दूसरी कॉपी? पिक्चर तो पूरे कॅम्प के पास है, साईं. आपके पास जो है वो किसके पास है?”

काकांनी त्या दुकानातच यादी पुन्हा लिहायला घेतली, पावतीच्या पाठीमागे. स्टार नाही. प्रत्येक नको स्वतंत्र ओळीत, पूर्ण पत्त्यानं. ओळी एकोणीस झाल्या. रविवारची तपासणीही उलटी झाली. आता ते फाइल कपाटातून निवडत आणि ती डबीत सापडते का ते बघत. नंतर अडतीसच्या अडतीस नावं मोजत, मोठ्यानं. अडतिसाव्या नावाचा रिकामा फोल्डर त्यांनी करून ठेवला होता. तो प्रतीत जातो की नाही, एवढंच तपासायला.

आणि दर रविवारी संध्याकाळी मांजर्लीला. रेकॉर्डर अक्कासमोर ठेवायचं. अक्का सगळं बोलायची. सुनेच्या हातची भाजी, गुडघे, शेजारच्यांचा रेडिओ, काडेपेटीच्या कारखान्यातला मुकादम बायकांना कसा मोजायचा ते. एक विषय सोडून सगळं. या फाइली काकांनी ‘अक्का’ नावानं वेगळ्या ठेवल्या. त्या एकाहत्तर झाल्या.

मधल्या काळात एकदा ते तिला म्हणाले की फोल्डरचं नाव बदलतो, दीक्षा घेतली तेव्हा तू विशाखा नाव घेतलं होतंस ना, ते लावतो. मी तिथे होतो. तिनं विचार केला.

“कार्डावर काय हाय?”

“नकोशी.”

“मंग ऱ्हाऊ दे. त्याच नावानं साखर आणली, त्याच नावानं तुजी फी भरली. आता वगळलं म्हून बदलायचं का?”

२००८ च्या नोव्हेंबरात एका रविवारी त्यांनी नेहमीसारखं रेकॉर्डर समोर ठेवलं. अक्का म्हणाली, “लाव ते. आन् तू भाईर जा.”

“का?”

“तुज्या तोंडाकडं बघितलं की मला पुढचं सुचत न्हाई. मागल्या टायमाला निम्मं त्यामुळं गिळलं.”

ते बाहेर आले. दार तिनं आतून लोटलं. तिची सून आणि मी खालच्या पायरीवर बसलो होतो. काका नदीकडच्या रस्त्यानं वळणापर्यंत जात, परत येत, दाराकडे बघत, पुन्हा जात. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. आतून तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. बावन्न मिनिटांनी दार उघडलं. अक्कानं रेकॉर्डर त्यांच्या हातात दिलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

फाइल त्याच संध्याकाळी कपाटात गेली, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये. पहिल्यांदाच त्यांनी सुरुवात, मध्य, शेवट ऐकून बघितला नाही. त्या दिवशी रविवारची प्रत पुन्हा घेतली. नंतर आणखी दोन प्रती झाल्या. एक डिस्क मांजर्लीत अक्काच्या कपाटात, वरच्या खणात. एक लच्छूभाईंच्या गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाव लिहून.

अक्का २००९ च्या फेब्रुवारीत गेली. झोपेत, मांजर्लीच्या घरी.

मे महिन्यात माझी बदली नाशिकला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मी तळमजल्यावर निरोप घ्यायला गेलो. सुमनताईंनी पोहे दिले. काका शोकेससमोर उभे होते. त्यांनी बाजूला सरकून मला जागा दिली.

“जायच्या आधी एकदा बघून घ्या,” ते म्हणाले. “बाहेरच्या माणसानं बघितलेलं बरं.”

“ऐकलंत का तुम्ही?”

“बघा आहे का ते,” ते म्हणाले आणि गॅलरीत गेले. माझ्याकडे पाठ करून, गजाला धरून उभे राहिले.

मी नावं मोजली. अडतीस. ‘नकोशी’ उघडला. आत एक फाइल होती, बावन्न मिनिटांची. फाइलची माहिती पडद्यावर आणली. तयार झाल्याची तारीख नोव्हेंबरातल्या त्या रविवारची होती. शेवटची उघडल्याची तारीखही तीच होती.